चीनमधील उमेदवारी आणि रुग्णाची भाषा

मध्य चीनमधील एखाद्या मोठ्या रुग्णालयातील वॉर्ड. सकाळचे आठ वाजलेले असतात. मुख्य डॉक्टर पुढे, त्यांच्या मागे सहायक डॉक्टर, त्यांच्या मागे वह्या घेतलेले चिनी विद्यार्थी आणि सर्वांत शेवटी लातूर किंवा जळगावाकडून आलेला, पांढरा डगला घातलेला एखादा शिकाऊ डॉक्टर, अशी ती फेरी एका खाटेपाशी थांबते. खाटेवरील वृद्ध शेतकरी पोटरीवरून हात फिरवीत एकच शब्द दोनतीनदा उच्चारतो : ‘स्वान’. शब्दकोशात या शब्दाचा पहिला अर्थ ‘आंबट’ असा दिलेला असतो. रुग्णाला सांगायचे असते ते एवढेच, की पाय भरून आले आहेत, आतून दुखते आहे. चिनी विद्यार्थी ते टिपून घेतात आणि फेरी पुढच्या खाटेकडे सरकते. पाच वर्षे इंग्रजी पुस्तकांतून शरीरशास्त्र आणि औषधशास्त्र शिकलेला तो भारतीय विद्यार्थी मात्र त्या एका शब्दापाशी मागे राहतो.

चीनमध्ये शिकावयास गेलेल्या आणि तेथेच शिकाऊ म्हणून काम करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे मर्म या साध्या प्रसंगात आहे. आपल्याकडे चर्चा होते ती शुल्काची, मान्यतेची आणि मायदेशी परतल्यावर द्यावयाच्या परीक्षेची. ज्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी वर्गाबाहेर पडून प्रत्यक्ष कामाला लागतो, त्या वर्षाचा विचार मात्र अभावानेच होतो. वस्तुतः आधीच्या पाच वर्षांचे मोल ठरते ते याच वर्षात.

ओघ कोठून आला?

चीनच्या शिक्षण मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार २०१८ साली त्या देशात ४ लाख ९२ हजार १८५ परदेशी विद्यार्थी होते. त्यांत भारतीयांची संख्या २३ हजार १९८ इतकी होती. दक्षिण कोरिया, थायलंड आणि पाकिस्तान यांच्या खालोखाल भारताचा चौथा क्रमांक होता आणि अमेरिकेहून आलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा भारतीय विद्यार्थी अधिक होते. यांतील बहुसंख्य विद्यार्थी वैद्यकीय पदवीसाठी गेलेले होते. महासाथीनंतर हा ओघ कमी झाला. तथापि तो आटलेला नाही.

कारण उघड आहे. २०२४ साली आपल्याकडे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. पदवीच्या जागा होत्या १ लाखाच्या थोड्या वर. त्यांतही सरकारी महाविद्यालयांतील जागा निम्म्याच्या आसपास. खासगी महाविद्यालयांचे शुल्क शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या आयुष्यभराच्या बचतीलाही झेपणारे नाही. मागणी एवढी आणि पुरवठा एवढा तोकडा असला, की ग्राहक सीमेपलीकडच्या बाजारपेठेकडे वळतो. इंग्रजी माध्यमातून वैद्यकीय पदवी देऊ करणाऱ्या चिनी विद्यापीठांनी ही गरज ओळखली. मध्यस्थांनी ती गावोगाव पोहोचविली. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, बँकेचे कर्ज, क्वचित विकलेली जमीन, यांतून एक मुलगा किंवा मुलगी डॉक्टर होण्यासाठी निघते.

शिकण्याची किंमत कोणी द्यावी?

उमेदवारीचा अर्थशास्त्रीय विचार करताना एक जुना सिद्धान्त उपयोगी पडतो. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार सांगितले. जे कौशल्य केवळ एका मालकाच्या कारखान्यात उपयोगी पडते, त्याचा खर्च उचलण्यात मालकाला स्वारस्य असते. जे कौशल्य घेऊन कामगार कोठेही जाऊ शकतो, त्याचा खर्च मात्र मालक करीत नाही. तो शिकणाऱ्यालाच, कमी वेतनाच्या किंवा वेतनाविना केलेल्या श्रमाच्या रूपाने, सोसावा लागतो. सुताराकडे दोन वर्षे केवळ जेवणावर राबणारा पोऱ्या हीच किंमत देत असे. डॉक्टरकी हे तर कोठेही नेता येणारे कौशल्य. त्यामुळे चिनी रुग्णालयात काम करणाऱ्या परदेशी शिकाऊ डॉक्टरला सहसा विद्यावेतन मिळत नाही, याचे आश्चर्य वाटावयास नको.

परंतु या व्यवहाराला एक अट आहे. किंमत देणाऱ्याला माल मिळाला पाहिजे. पोऱ्या दोन वर्षांनी रंधा चालवावयास शिकला, तर त्याचे श्रम कारणी लागले. केवळ भुसा झाडून परतला, तर तो नागवला गेला. चीनमधील शिकाऊ डॉक्टरच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न विचारावयास हवा. वर्षभर तो वॉर्डात उभा राहिला खरा. पण रुग्णाला प्रश्न विचारणे, त्याचे उत्तर समजणे, त्यावरून निदानाचा अंदाज बांधणे आणि तो वरिष्ठांकडून तपासून घेणे, यांतील किती गोष्टी त्याच्या पदरात पडल्या?

उमेदवारीच्या नावाखाली केवळ श्रम किंवा केवळ हजेरी घेतली जाण्याचा धोका चिनी विद्यार्थ्यांनाही आहे. तेथील व्यवसाय शाळांतील मुलांना विषयाशी संबंध नसलेल्या कारखान्यांत जुळणीच्या कामावर धाडले जाते, अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या. २०१६ साली आणि पुन्हा सुधारून २०२२ साली चीन सरकारने या उमेदवारीसाठी नियम केले. मुलांकडून उमेदवारीसाठी पैसे घेऊ नयेत, रात्रपाळी आणि जादा काम देऊ नये, तसेच कामाचा योग्य मोबदला द्यावा, असा त्यांचा आशय आहे. नियम करावे लागले, यातच दुखण्याची कबुली आहे.

ना विद्यार्थी, ना कामगार

कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ विद्यार्थी हा चीनमध्ये कामगार नसतो. विद्यार्थ्याने फावल्या वेळात केलेले काम ही नोकरी मानू नये आणि त्यासाठी कामगार करार करण्याची गरज नाही, असा तेथील श्रम मंत्रालयाचा १९९५ सालचा निर्णय आहे. साहजिकच कामगाराला असणारे संरक्षण त्याला लाभत नाही.

परदेशी विद्यार्थ्याची स्थिती तर याहून नाजूक असते. दीर्घ मुदतीच्या शिक्षणासाठी त्याला ‘एक्स-१’ या वर्गाचा व्हिसा मिळतो आणि देशात पोहोचल्यापासून तीस दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. हॉटेलाखेरीज अन्यत्र राहावयाचे झाल्यास चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करावी लागते. विद्यापीठाबाहेर उमेदवारी करावयाची असल्यास आधी विद्यापीठाची संमती घ्यावी लागते आणि नंतर कामाचे ठिकाण व मुदत यांची नोंद निवास परवान्यावर करून घ्यावी लागते. १ जुलै २०१३ पासून अमलात असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यानुसार या मर्यादेबाहेरचे काम बेकायदा ठरते. त्यासाठी ५ हजार ते २० हजार युआन दंड होऊ शकतो. प्रकरण गंभीर असल्यास पाच ते पंधरा दिवसांची स्थानबद्धताही भोगावी लागते. २०२५ साली एक युआन म्हणजे सुमारे बारा रुपये होते, हे लक्षात घेतले म्हणजे या दंडाचा अर्थ कळतो.

खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी मुलांना इंग्रजीच्या शिकवण्या देणारा, किंवा व्यापारी कंपनीत दोन महिने ‘अनुभव’ घेऊ पाहणारा विद्यार्थी या तरतुदीत नकळत सापडू शकतो. काम मिळवून देणारा मध्यस्थ आणि काम देणारा मालक यांनाही कायद्याने दंड आहे. परंतु त्यांचा धंदा पुढे चालतो, विद्यार्थ्याचे शिक्षण मात्र मोडते. शिवाय, पदवीनंतर तेथेच नोकरी मिळेल ही आशाही फारशी वास्तव नाही. २०२३ साली चीनमधून १ कोटी १५ लाखांहून अधिक पदवीधर बाहेर पडले आणि त्याच वर्षी जूनमध्ये शहरांतील १६ ते २४ वयोगटातील बेकारीचे प्रमाण २१.३ टक्के इतके नोंदले गेले. घरचीच मुले कामाच्या शोधात असताना परक्याला जागा मिळणे अवघड, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

वसतिगृह ते वॉर्ड

परदेशी विद्यार्थ्यांची वसतिगृहे बहुतेक ठिकाणी निराळी असतात. ही सोय असते, तशीच ती भिंतही असते. त्या भिंतीच्या आत हिंदी, तेलुगू, मराठी बोलून पाच वर्षे निघून जातात. वर्ग इंग्रजीत, मित्र आपल्याकडचे, स्वयंपाक आपला; चिनी भाषेचा संबंध बाजारहाटापुरता. तीही भाषा फसवी. ‘माय’ हा उच्चार एका सुरात काढला तर ‘विकत घेणे’ आणि दुसऱ्या सुरात काढला तर ‘विकणे’ असा अर्थ होतो. बाजारात चूक झाली तर दुकानदार हसतो. रुग्णालयात चूक झाली तर कोणी हसत नाही.

घराशी जोडणारा धागाही सरळ नाही. भारतात घरोघरी वापरले जाणारे व्हॉट्सॲप चीनमध्ये बंद आहे आणि चीनमध्ये ज्यावाचून पान हलत नाही त्या वीचॅटवर भारताने २९ जून २०२० रोजी बंदी घातली. बोलणे, पैसे देणे, वर्गाच्या सूचना, वॉर्डातील कामाचे वाटप हे सारे तेथे वीचॅटवर चालते. पण आईशी बोलण्यासाठी दुसरी काही तरी वाट शोधावी लागते. तेथील घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असते. सायंकाळी दमून खोलीवर परतलेल्या मुलाचा निरोप येतो तेव्हा घरी वडील अद्याप कचेरीत असतात.

अशा विद्यार्थ्याला सहाव्या वर्षी वॉर्डात उभे केले जाते. वरिष्ठ डॉक्टरांना तेथे ‘लाओशी’, म्हणजे गुरुजी, म्हणण्याची रीत आहे. हे संबोधन आपल्या संस्कारांना जवळचे वाटावे असेच आहे. पण गुरुजींपुढेही रोजची शेकडो माणसांची रांग असते. प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगण्यास त्यांना सवड नसते. रुग्णाचे कागद चिनी लिपीत असतात. म्हातारी माणसे अनेकदा प्रमाण चिनीही बोलत नाहीत, आपल्या प्रांताची बोली बोलतात. इंग्रजी माध्यम वॉर्डाच्या दाराशी संपते.

आणि दुखणे ही गोष्ट तर सर्वांत आधी मातृभाषेत सांगितली जाते. मराठी माणसाचे डोके ठणकते, पोटात कळ येते, पायात गोळे येतात, छातीत चमक निघते. यांतील एकेक शब्द निदानाची दिशा दाखवितो. चिनी रुग्णाचेही असेच आहे. त्याचा ‘स्वान’ म्हणजे भरून आल्यासारखे दुखणे, ‘चांग’ म्हणजे तट्ट फुगल्यासारखे वाटणे, ‘मा’ म्हणजे बधिरपणा. तोंड आले, घसा दुखू लागला, की तो ‘अंगात आग चढली’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग करतो. ‘उष्णता झाली’ असे म्हणणाऱ्या आजीच्या घरात वाढलेल्या मराठी मुलाला हे इंग्रज किंवा अमेरिकन विद्यार्थ्यापेक्षा लवकर उमगावे. प्रश्न बुद्धीचा नाही. ती भाषा ऐकण्याची तयारी वेळेवर केली जात नाही, हा आहे.

नियमांची कात्री

भारतातील राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये केलेल्या विनियमांनी या प्रश्नाला नवे वळण दिले. परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता व्हावी, त्या देशात तेथील नागरिकांप्रमाणे वैद्यकीय व्यवसाय करण्यास विद्यार्थी पात्र असावा आणि परतल्यावर भारतात आणखी १२ महिने आंतरवासिता करावी, असे त्यांत म्हटले आहे. प्रत्येक अट स्वतंत्रपणे रास्त आहे. चीनच्या बाबतीत मात्र त्यांची कात्री होते. अभ्यासक्रम इंग्रजीत हवा, पण व्यवसायाचा परवाना देणारी चिनी परीक्षा असते चिनी भाषेत. बीजिंगमधील भारतीय वकिलातीने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले, की नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेतलेल्या ज्या विद्यार्थ्याला चीनमधील परवाना मिळणार नाही, त्याला भारतातील पात्रता परीक्षेस बसता येणार नाही. म्हणजे जी भाषा आजवर ऐच्छिक ओझे मानली जात होती, ती आता पदवीच्या किमतीचा भाग झाली आहे.

वकिलातीच्या सप्टेंबर २०२२ मधील निवेदनात आणखी एक आकडा होता. २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकलेले ४० हजार ४१७ उमेदवार भारतातील पात्रता परीक्षेला बसले. त्यांतील उत्तीर्ण झाले अवघे ६ हजार ३८७, म्हणजे शेकडा सोळा. तीनशे गुणांच्या या परीक्षेत दीडशे गुण मिळाले तरी पुरते. अपयशाची कारणे अनेक असतील. परंतु रुग्ण पाहून, त्याच्याशी बोलून पक्के होणारे ज्ञान केवळ टिपणे पाठ करून साधत नाही, हे त्यांपैकी एक खासच आहे.

महासाथीने हेच कठोरपणे दाखवून दिले. फेब्रुवारी २०२० च्या पहिल्या दोन दिवसांत वुहानहून दोन विमानांनी ६४७ भारतीयांना परत आणण्यात आले. त्यांत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. मार्चअखेर चीनने दारे बंद केली आणि विद्यार्थ्यांसाठी ती पुन्हा उघडली ऑगस्ट २०२२ मध्ये. मधल्या काळात हजारो विद्यार्थी गावाकडच्या घरात बसून पडद्यावर वैद्यक शिकले. अशांपैकी ज्यांची पदवी पूर्ण झाली होती त्यांना दिलासा देताना आयोगाने जुलै २०२२ मध्ये एकाऐवजी दोन वर्षांची आंतरवासिता सांगितली. विद्यार्थ्यांना ती शिक्षा वाटली. पण चुकलेल्या वॉर्डाची भरपाई वॉर्डातच करावी लागते, हे तत्त्व नाकारता येत नाही.

हिशेब मांडावयाचा तर तो असा. भारतात शिकणारा विद्यार्थी साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता करून साडेपाच वर्षांत डॉक्टर होतो. चीनमध्ये जाणाऱ्याला पाच अधिक एक वर्ष, मग परतल्यावर परीक्षा आणि पुन्हा एक वर्ष, म्हणजे सर्व काही सुरळीत घडले तरी सात वर्षांहून अधिक काळ लागतो. शुल्कातील बचत मोजताना या दीडदोन वर्षांत बुडालेली मिळकत आणि वाढलेले व्याज बहुतेक कुटुंबे जमेस धरीत नाहीत. मध्यस्थाच्या रंगीत पत्रकात तो रकाना नसतो.

एक जुने उदाहरण

चीनमध्ये काम करावयास गेलेल्या मराठी डॉक्टराचे उदाहरण आपल्याला नवे नाही. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि १९३८ साली पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. तेव्हा त्यांनी वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी केलेली नव्हती. ते तेथे चिनी बोलावयास आणि लिहावयास शिकले. चिनी विद्यार्थ्यांना त्यांनी त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकविले. बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या त्यागाचे स्मरण दोन्ही देशांत केले जाते. आज त्यांच्यासारखी आहुती कोणी कोणाकडे मागू नये. काळ वेगळा, हेतूही वेगळा. मात्र त्यांच्या चरित्रातील भाषेचा धडा त्यागाहून सोपा आहे आणि तो कोणत्याही विद्यार्थ्याला गिरविता येण्यासारखा आहे.

काय करता येईल?

सर्व विद्यार्थ्यांनी चीनला जाणे सोडावे, असा याचा निष्कर्ष नव्हे. तेथील मोठ्या रुग्णालयांत रुग्णांची संख्या, यंत्रसामग्री आणि शिस्त यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये उभय देशांतील थेट विमानसेवा पाच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली. जाणे-येणे त्यामुळे सुकर होईल आणि मध्यस्थांची पत्रकेही पुन्हा फिरू लागतील. म्हणूनच काही गोष्टी आत्ताच ठरविणे इष्ट.

पहिली गोष्ट, प्रवेश घेण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न ‘शुल्क किती?’ एवढाच नसावा. आंतरवासिता कोणत्या रुग्णालयात होणार, तेथे परदेशी विद्यार्थ्याला रुग्ण तपासू देतात की केवळ उभे करतात, ती केल्यानंतर तेथील परवान्याच्या परीक्षेस बसता येते काय आणि आदल्या तुकडीतील किती जण ती उत्तीर्ण झाले, हे प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावे. दुसरी गोष्ट, भाषेची सुरुवात पाचव्या वर्षी नव्हे, पहिल्या महिन्यात व्हावी. वकिलातीने चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पायरी गाठण्याचे महत्त्व सांगितले आहे. जुन्या क्रमानुसार ती सुमारे १,२०० शब्दांची आहे. बाजारासाठी एवढे पुरेल, रुग्णशय्येसाठी तो केवळ प्रारंभ होय. तिसरी गोष्ट, आपल्या विद्यापीठांनी बारावीनंतरच्या सुट्टीत चिनी भाषेचे प्राथमिक वर्ग चालवावेत. दरवर्षी परदेशी जाणाऱ्या शुल्काच्या मानाने हा खर्च नगण्य आहे.

यात शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांचाही वाटा आहे. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन येणारा विद्यार्थी आणि त्याचे वडील सल्ला विचारतात तो बहुधा त्यांनाच. त्या वेळी नकाशावरील शहर किंवा वसतिगृहाचे छायाचित्र पाहून मान डोलावण्याऐवजी त्यांनी शेवटच्या वर्षाची चौकशी केली, तर एखादे कुटुंब सावध होईल.

चिनी भाषेत या कामाला जो शब्द आहे, त्याचा अर्थ ‘प्रत्यक्षातील सराव’ असा होतो. मराठीतील ‘उमेदवारी’ या शब्दात उमेद आहे, आशा आहे. आपली मुले आशा पदरी बांधून जातात. सराव मात्र तेथे गेल्यावर, एका खाटेजवळ बसून, एका परक्या म्हाताऱ्याला त्याच्याच शब्दांत ‘कोठे दुखते?’ असे विचारण्यापासून सुरू होतो. तो प्रश्न विचारता आला आणि उत्तर समजले, तर बापाने काढलेले कर्ज फिटण्याची वाट दिसू लागते. तसे झाले नाही, तर सहा वर्षांनी घरी येते ते केवळ दोन भाषांत छापलेले एक प्रमाणपत्र, आणि त्यातली एक भाषा ते आणणाऱ्यालाही वाचता येत नाही.